बैठं काम नको

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार. औसा

लातूरच्या येरोळकर मॅडमनी सांगितलं म्हणून ही वही. त्या हृदयाच्या डॉक्टर. दम कधी लागला, किती वेळ राहिला, धडधड कधी झाली, रोज लिहा आणि महिन्यानं आणून दाखवा म्हणाल्या. बुद्धप्रियाच्या दहावीच्या कोऱ्या वह्यांतली एक उचलली. पण नुसता दम लिहायला मला जमायचं नाही. लिहायचं तर सगळं लिहीन. मॅडमला दाखवायला दुसरी वही करू.

मी महामाया सोनकांबळे, वय एकोणचाळीस, एसटीत वाहक, औसा आगार. तेरा वर्षं झाली. नवरा धम्मानंद, शिंपी, स्टँडच्या मागं दुकान. तोंडानं मी अहो म्हणते, इथं नाव लिहिणार. माझी वही आहे.

गेल्या महिन्यात आगारात तपासणी शिबिर झालं. पोरगेला डॉक्टर भराभर सह्या करत होता. माझ्या छातीला नळी लावली आणि थांबला. पुन्हा लावली. पाठीला लावली. "ताई, लहानपणी कुणी काही सांगितलं होतं का?" "काय सांगायचं?" "एक आवाज येतोय. लातूरला जाऊन एको करून घ्या." मी म्हणाले, आवाज गाडीचा असेल, तेरा वर्षं तिच्यात उभी आहे. तो हसला नाही.

एको झाली. मॅडम पडद्याकडं लई वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, हृदयाची उजवी बाजू मोठी झालीय, कशानं ते या मशीनला दिसत नाही, घशातून नळी घालून बघावं लागेल. मी म्हणाले, दिसत नाही म्हणजे नसेल.

आजचा दम: दुपारी चारच्या फेरीला. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मागून पुढं येईस्तोवर मशीन हातातून पडायला आलं. एवढ्या गर्दीत कुणालाही लागेल.

१४ ऑगस्ट, बुधवार

आमच्या गाडीचे चालक ईश्वरप्पा. चार वर्षं एकाच ड्युटीवर आहोत. आधी हा माणूस टायमाचा इतका पक्का की स्टँडवरचे चहावाले त्यांची गाडी बघून गॅस पेटवायचे. आता जानेवारीत रिटायर व्हायचेत तर पार ढिले पडलेत. प्रत्येक थांब्यावर खाली उतरतात, टायरला लाथ मारून बघतात, काच पुसतात. मी दोन घंट्या दिल्या तरी निघत नाहीत. आरशातून नुसते मागं बघत राहतात. मी दांडीला टेकून जरा श्वास घेतला, सरळ उभी राहिले, की मग गिअर टाकतात.

आज बोलले. "अप्पा, घंटी ऐकू आली न्हाई का?"

"गुडघा धरलाय बाई. क्लच दाबायला येईना."

गुडघा धरलाय तर दवाखान्यात जावं माणसानं.

आजचा दम: लिहिण्यासारखा नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आठवड्यात चौथ्यांदा उशीर. नियंत्रकांनी मला विचारलं, आणि मी सांगून टाकलं की चालक थांब्यावर वेळ काढायलेत. अप्पा बाजूलाच उभे होते. म्हणाले, "हाव, माझ्यामुळंच व्हायलंय." डोकं खाली घालून निघून गेले. वाईट वाटलं, पण खरं ते खरं.

दुसऱ्याच्या नाजूकपणापायी मला उशीर झालेला चालत नाही, कारण माझ्यावर लहानपणी नाजूकपणाचा शिक्का मारला होता. आईनं मला कधी घागर उचलू दिली नाही. धाकटीला रानात न्यायची, खुरपं द्यायची, आणि मला म्हणायची, तू शाळेत जा, तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई. मला ते लागायचं. म्हणून मी मुद्दाम असली नोकरी धरली जिच्यात दिवसभर उभं राहावं लागतं. भरती झाल्यावर आईला पत्र दाखवायला गेले तर ती रडली. आनंदानं रडते असं वाटून मीच तिचे डोळे पुसले. डोळे कोरडे झाल्यावर म्हणाली, "बसायचं काम न्हाई का त्याच्यात?"

३ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस धो धो पाऊस. काल बुधोड्याच्या पुढं गाडी बाजूच्या चिखलात रुतली. पुरुष माणसं उतरून ढकलायला लागली, मीही उतरले. अप्पा वरनं ओरडले, "बाई, तुमी ऱ्हावा." मी ऐकलं नाही. गाडी निघाली.

रात्री आडवं झाल्यावर श्वास पुरेना. दोन उश्या घेतल्या, मग तिसरी. उश्या पातळ झाल्यात. धम्मानंदनं आज दुकानातल्या चिंध्या भरून एक जाड उशी शिवून आणली आणि गादीवर ठेवली. बोलला काही नाही. तो तसाही दिवसाला दहा वाक्यं बोलतो.

११ सप्टेंबर, बुधवार. लातूर, दवाखाना

सकाळच्या फेरीत औसा सोडलं आणि छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडायला लागलं. आधी होतं तसं मिनिटभरात थांबेल म्हणून तिकिटं फाडत राहिले. थांबलं नाही. हाताला घाम, कानात भोंगा. पुढच्या बाकावरच्या पोरीनं उठून मला बसवलं. पुढचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. अप्पांनी स्टँडकडं वळायच्या ऐवजी गाडी सरळ नेली, सत्तर माणसांसकट, आणि येरोळकर मॅडमच्या दवाखान्याच्या फाटकात उभी केली. एक माणूस भांडत होता की मला कोर्टात तारीख आहे. अप्पा त्याला म्हणाले, "तारीख दुसरी भेटंल."

इंजेक्शननं ठोके ठिकाणावर आले. एकशे सत्तर होते म्हणे.

संध्याकाळी अप्पा आले. गाडी मार्गाबाहेर का नेली म्हणून खुलासा द्यावा लागला. "रस्ता बंद व्हता म्हणून लिवलं," म्हणाले. मी म्हणाले, खोटं कशाला लिहिलं, वाहक आजारी पडली म्हणून लिहायचं. तर म्हणतात, "वाहक आजारी लिवलं तर तुमाला गाडीवरनं उतरवतील."

मॅडम आल्या. मी वही दाखवली, दम लिहिलेली. पहिल्या पानापासून "विशेष नाही, विशेष नाही". त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "महामायाताई, ही तुम्ही माझ्यासाठी लिहिली की तुमच्या आगारासाठी?"

घशातून नळी घालायला हो म्हणाले.

१९ सप्टेंबर, गुरुवार. लातूर

घसा सुन्न केला, गुंगी दिली, तरी नळी गेल्याचं कळलं. अन्ननलिका हृदयाच्या मागूनच जाते, तिथून जवळून दिसतं.

दिसलं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये पडदा असतो, त्याला भोक आहे. अगदी वरच्या कोपऱ्यात, मोठ्या शिरेच्या तोंडाशी, म्हणून बाहेरून सापडलं नाही. शिवाय उजव्या फुप्फुसाची एक शीर डावीकडं जायची ती चुकून उजवीकडं उघडलीय. दोन्ही जन्मापासून. मॅडमनी कागदावर चार चौकोन काढून दाखवलं. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त पुढं अंगात जायचं, त्यातलं बरंचसं भोकातून परत उजवीकडं येतं आणि पुन्हा फुप्फुसात जातं.

मी म्हणाले, म्हणजे उतरलेला प्रवासी मागच्या दारानं पुन्हा चढायलाय, आणि माझी गाडी उगंच भरलेली.

"अगदी तसं. एकोणचाळीस वर्षं तुमची उजवी बाजू दुप्पट माणसं वाहते."

काही काही भोकं मांडीच्या शिरेतून छत्रीसारखं बटण नेऊन बुजवतात. माझं कोपऱ्यातलं, तिथं बटण टिकत नाही. छातीच उघडावी लागेल. नांदेडला डॉ. कोटगिरे म्हणून सर्जन आहेत, ते हे ऑपरेशन करतात. त्याआधी फुप्फुसातला दाब मोजायचा. लई वाढला असेल तर भोक बुजवताही येत नाही. मग गोळ्यांवर राहायचं.

"किती दिवस?" धम्मानंदनं विचारलं. मॅडम दुसऱ्या कागदावर चिठ्ठी लिहायला लागल्या.

मला रडू आलं नाही. राग आला. इतकी वर्षं रक्त कमी म्हणून लोखंडाच्या गोळ्या खाल्ल्या, दमा म्हणून पंप ओढला, एकानं तर नवऱ्याशी पटतं का विचारलं होतं. आणि मी सगळ्यांना खोटं पाडत उभीच होते. भोकासकट उभी होते. हे त्यांच्यातलं कोण लिहिणार?

२८ सप्टेंबर, शनिवार

नणंद येऊन गेली. सल्ला असा की कुणाला सांगू नका, उद्या बुद्धप्रियाचं लग्न करायचंय, आईच्या काळजाला भोक म्हटलं की लोक पोरीचंही तपासायला मागतील. मी म्हणाले, तपासायला मागायच्या आधीच तपासतेय. बुद्धप्रियाची एको परवा झाली. पोरीचं हृदय ठणठणीत.

आणि आज आगारात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगितलं. मला काय आहे, काय करायचंय, कधी परत येणार. दोघींनी हात धरले. आगारप्रमुखांनी रजेचा अर्ज तिथंच लिहून घेतला, आणि नियमाप्रमाणे आल्यावर तंदुरुस्तीचा दाखला लागेल म्हणाले. दाखला आणीन म्हणाले.

१२ ऑक्टोबर, शनिवार. माहेर, कंधार तालुका

आज दसरा. सकाळी विहारात वंदना झाली, पंचशील झालं. मग आईला सांगायला बसले. दाब मोजायला आणि ऑपरेशनला नांदेडला जायचं, ते इथून जवळ, म्हणून तिला माहीत पाहिजे. आई, सरजाबाई, वय पासष्ट, अजून रोजानं निंदायला जाते.

मी चार चौकोन काढून दाखवायला लागले. तिनं कागद बाजूला केला.

"मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"काळजात आवाज हाय तुझ्या. तू तिसरीत व्हतीस. शाळंत डागदर आलता. मास्तर घरी आले, म्हणले, सरजाबाई, पोरीला औरंगाबादला न्या, मोठ्या दवाखान्यात. मी कंधारच्या पुढं कदी गेलते का? तुझा बाप तवा साखर कारखान्यावर. मी तुला कंधारला नेलं. तिथल्यानं नळी लावली, म्हणला, मोठी झाली की भरंल. मंग मी वाट बघितली भरायची."

तीस वर्षं. ती बोलतच होती, माझ्याकडं न बघता. घागर का उचलू दिली नाही, रानात का नेलं नाही. धाकटी अजून म्हणते, आईनं ताईला शिकवलं आणि मला खुरपं दिलं. "तिला कसं सांगू? तुला सांगितलं तर तू भ्याली असतीस."

"मी भ्याले असते?" एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलून स्टँडवर आले. कंधारची गाडी यायला तासभर होता. रागानं डोकं भणभणत होतं. इतक्या वर्षांत एकदा, एकदा तरी सांगायचं. पदवीच्या वेळी सांगायचं, लग्नाच्या वेळी सांगायचं, बुद्धप्रिया पोटात असताना सांगायचं.

गाडीत बसल्यावर दुसरंच आठवायला लागलं. बुद्धप्रियाच्या वेळी आई आठ महिने औश्याला येऊन राहिली होती. माझ्या वाट्याची धुणीभांडी सोडा, मला पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हती. मी भांडायचे तिच्याशी.

फोन करायचा होता. केला नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार. नांदेड

मांडीच्या शिरेतून तार घालून दाब मोजला. डॉ. कोटगिरे स्वतः सांगायला आले. उंच, केस पांढरे, बोलणं तुटक.

"वाढलाय. पण अजून वेळ गेली नाही. करता येईल."

"अजून किती वेळ होता?"

"ते मोजायला थांबू नका."

छाती मधोमध उघडणार. हृदय थांबवून रक्त मशीनवर घेणार. आणि ठिगळ माझ्याच हृदयावरच्या पातळ पिशवीचं, तिचा तुकडा कापून. ती चुकलेली शीरही ठिगळाच्या आडोशानं बरोबर कप्प्यात वळवणार. बाहेरचं काही घालणार नाहीत.

इथं धम्मानंद बोलला. खुर्चीत पुढं सरकून. "साहेब, तुकडा भोकाएवढाच कापता का मोठा?"

डॉक्टरांनी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "थोडा मोठा. का?"

"ताणून लावला तर टाक्यावर वढ येती. जरा झोळ ठेवावा लागतो. तुमी ठेवता का?"

"ठेवतो. हृदय भरलं की कापड ताणतं, त्यासाठी."

"दोरा?"

"विरघळत नाही असा. केसाएवढा."

"टाका सलग का सुटा?"

"सलग. दोन्हीकडून घालत यायचं आणि शेवटी एकत्र गाठ."

धम्मानंदनं मान डोलावली. खिशातून खडू काढला, टेबलावर ठेवलेल्या माझ्या फायलीच्या पुठ्ठ्यावर वाकडा गोल काढला आणि त्यावर टाके घालून दाखवले. "असं?" डॉक्टरांनी खडू घेतला आणि एक कोपरा सुधारला. "इथं एक नस जाते, ठोक्याचा ताल तिच्याजवळ असतो. इथं टाका उथळ घ्यायचा." दोघं पुठ्ठ्यावर वाकून बसले होते. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मला मात्र त्याच वेळी वाटलं की हे होणार.

बाहेर आल्यावर धम्मानंद म्हणाला, "माणसाला काम येतंय." त्याच्या तोंडून याहून मोठं सर्टिफिकेट मी आजवर ऐकलं नाही.

११ डिसेंबर, बुधवार. नांदेड, हॉस्पिटल

उद्या सकाळी सातला. सरकारी योजनेत बसलं, कागद झाले.

नर्सबाई सही घ्यायला आली. काय काय होऊ शकतं त्याची यादी वाचली. मी प्रत्येक ओळ वाचून घेतली, त्याला वेळ लागला, तिला घाई होती. सही माझी आहे म्हणाले, वाचूनच करणार. बुद्धप्रियानं अभ्यासाची पुस्तकं आणलीत, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. तिला सांगितलं, माझ्याकडं बघत बसू नको, भूमिती कर.

आई आली. कुणी कळवलं माहीत नाही, धम्मानंदनंच. ती पायाशी बसली आणि माझ्या टाचा दाबत राहिली. मी पाय काढून घेतले नाहीत.

मला मरायचं नाही. हे लिहून ठेवते, कारण सगळे जण मला धीर द्यायलेत, आणि कुणीच विचारलं नाही की तुला काय पाहिजे. मला परत गाडीवर जायचंय.

१६ डिसेंबर, सोमवार

हाताला सुया आहेत. थोडंच लिहिते.

झालं. पाच तास. भोक मोठं होतं, जवळजवळ दोन रुपयांच्या नाण्याएवढं.

शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी. बोलता येईना म्हणून नर्सच्या तळहातावर बोटानं लिहिलं, "किती वाजले". ती म्हणाली, सगळे पेशंट "मी कुठंय" विचारतात.

काल तिसऱ्या दिवशी पुन्हा फडफडायला लागलं. मशीन वाजलं, चार जण धावत आले. वाटलं टाके सुटले. डॉक्टर म्हणाले, टाके जागेवर आहेत, सुजलेल्या हृदयाला पहिल्या दिवसांत असं होतं. सहा तास लागले ताल यायला. त्या सहा तासांत मी भ्याले. खोटं कशाला लिहू. हात बांधल्यासारखी पडून होते आणि छताचे चौकोन मोजत होते. पण मी जवळ कुणाला बोलवलं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

चालवलं. बारा पावलं. खोकला आला की छाती दोन फाका होतील असं वाटतं. धम्मानंदनं औश्याहून ती जाड उशी आणलीय. छातीशी आवळून धरायची आणि खोकायचं. तीन गोळ्यांचं एक यंत्र दिलंय, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. एकच उचलते. दुसरी हलते नुसती. तिला शिव्या दिल्या.

दुपारी डॉ. कोटगिरे राउंडला आले. एको बघून झाली होती. आई कोपऱ्यात उभी होती, डोक्यावर पदर, डॉक्टरांच्या कोटाकडं बघत. ते वळले तेव्हा तिनं वाट अडवली. एवढ्या लहान आवाजात बोलली की त्यांना वाकावं लागलं.

"भरलं का?"

त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी घाई केली नाही. "भरलं, मावशी. पूर्ण भरलं."

मी आईला जवळ बोलवलं. उशी बाजूला करून तिचा हात टाक्यांच्या बाजूला ठेवला. ती कान लावायला वाकली, मग लाजून सरळ झाली. "लाव की," म्हणाले. तिनं कान लावला. लई वेळ लावून ठेवला.

धाकटीला मी सांगणार आहे सगळं. आईला जमायचं नाही ते.

६ जानेवारी २०२५, सोमवार. औसा

तिसरी गोळी वर गेली.

आगारातल्या दोघी भेटायला आल्या. म्हणाल्या, ईश्वरप्पांची गाडी आजकाल एकदम टायमावर असते, एक मिनिट इकडं तिकडं नाही. बरं झालं. थंडीत गुडघे जास्त धरतात, पण त्यांचा बरा झालेला दिसतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

अप्पांचा निरोप समारंभ. धम्मानंदनं त्यांना सदरा शिवला. मी रिक्षानं गेले. ऑगस्टात मी तक्रार केली होती त्याची माफी मागितली. ते हसले. "कायबी बोलता बाई." मी विचारलं, गुडघा कसा आहे आता? तर म्हणतात, "कुठला गुडघा?" वय झालंय, विसरायला लागलेत.

जाताना त्यांनी बसच्या आरशाला हात लावला आणि मला म्हणाले, "आता आरशात बघायचं काम न्हाई."

२० मार्च, गुरुवार. लातूर

दाखल्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडं. सौम्य माणूस. कागद वाचले, व्रण बघितला, आणि लिहायला लागले: सहा महिने बैठं काम.

मी म्हणाले, साहेब, नको.

"ताई, तुमच्या भल्यासाठीच. आरक्षणाच्या खिडकीवर बसा. पंखा आहे, खुर्ची आहे."

"माझी छाती उघडली त्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, तीन महिन्यांनंतर सगळं काम करू शकते. त्यांनी आतून बघितलंय. तुम्ही बाहेरून बघून बैठं म्हणता."

"जबाबदारी माझी असते."

"मग मला चालवून बघा. तुमच्या डोळ्यासमोर."

त्यांनी पेन ठेवलं. खरंच उठले. बोटाला चिमटा लावला आणि बाहेरच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला सांगितलं, हातात घड्याळ घेऊन. रांगेतली माणसं बघत होती. मी चालले. पळाले नाही, रेंगाळले नाही, गाडीत चालते तशी चालले. शेवटच्या मिनिटाला ते माझ्याबरोबर चालत होते आणि त्यांनाच धाप लागलेली. चिमट्यावर अठ्ठ्याण्णव. ठोके शंभराच्या आसपास, बसल्यावर दोन मिनिटांत खाली.

बैठं काम खोडलं. वर लिहिलं: वाहक पदासाठी पात्र. एक महिना वजन उचलू नये. खोडलेल्या जागी सही करून घेतली मी. नंतर कुणी म्हणायला नको.

९ एप्रिल, बुधवार

पहिली ड्युटी. औसा–लातूर, नवा चालक, नाव भुजंग, रेडिओ लावतो. सकाळची फेरी, सगळ्या बाजाराच्या बायका, टोपल्या, कोथिंबिरीच्या जुड्या, एक कोंबडी. खाकी कोटाचं वरचं बटण उन्हामुळं मोकळं ठेवलं होतं, तर गळ्याखाली व्रणाचं टोक दिसायलं.

तिसऱ्या बाकावर एक म्हातारी होती, बुधोड्याची. तिकीट देताना नजर तिथंच. "काय झालंय गं छातीला?"

"काळजाला भोक व्हतं मावशी. कापून बुजवलं."

पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या.

"मंग झाकून तरी घे बाई. बघायला बरं दिसत न्हाई."

"का झाकू? चोरी केली का मी?"

म्हातारी गोंधळली. मग तिला वाईट वाटलं असावं, टोपली मांडीवर घेतली, बाकावर हातभर सरकली, आणि माझ्या कोटाची बाही ओढली. "बस मग जरा. एवढं कापल्यावर उभं कशापायी ऱ्हायचं? बस."

जागा चांगली होती, खिडकीची, वारा येत होता. मी तिच्या हातात तिकीट दिलं, मशीन सावरलं आणि मागं बघितलं. दारात अजून आठ-दहा जणी लटकलेल्या.

"मावशी, उभी बरी हाय मी," म्हणाले. "ए बायांनो, दारात थांबू नका. पुढं सरका, पुढं जागा हाय."